हरलेल्यांनी ठेवायची चावी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, धंदा पंपदुरुस्ती, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे. कुणाला शंका असेल तर त्याने बंद पडलेला पंप घेऊन यावे. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी धाकट्या जावेवर चिडून लिहिले होते.

१. माझी सगळी हत्यारे सुनेला द्यावीत. मुलाने नट आवळला की आटे गेलेच म्हणून समजा. धाकट्या जावेला माझी लोकरीची शाल द्यावी. माझा मिक्सर नेऊन तिला वर्ष झाले, तोही आता तिच्याकडेच राहू दे.

२. परदेशी संस्थेने छापलेली पुस्तिका शाळेला द्यावी. मुखपृष्ठावर मी पंपाशेजारी दात काढून हसते आहे आणि खाली छापले आहे, 'लोकशाहीने आणले पाणी'. गावाने मतदान करून समिती निवडली तरच पंप मिळेल, अशी त्यांची अट होती. वरच्या वस्तीत घरे जास्त, त्यामुळे सातही जागा त्यांच्या. खालच्या वस्तीला, म्हणजे आम्हाला, पाणी भर दुपारी. पाणी सुरू झाल्यावर नवव्या दिवशी कुणीतरी करवतीने पाइप कापला. मारामारी झाली, तीत माझ्या नवऱ्याचा उजवा हात कायमचा गेला. पुस्तिका छापून आली तेव्हा तो इस्पितळात होता. मागच्या कोऱ्या पानावर एवढे लिहूनच ती शाळेला द्यावी.

३. मतदान शिकवणाऱ्या त्या संस्थेच्या बाईंना माझे घड्याळ पाठवावे. काम संपल्यावर त्या स्वतःच्या खर्चाने परत आल्या आणि आमच्या ओट्यावर बसून म्हणाल्या, "मतं मोजायला शिकवलं मी. हरलेल्यांचं काय करायचं, ते शिकवायचं राहूनच गेलं." शिकलेल्या माणसाने चूक अशी कबूल केलेली मी पुन्हा पाहिली नाही. त्यांची मी आभारी आहे.

४. त्याच आठवड्यात वरच्या वस्तीतली सुईण, समितीची प्रमुख, पंपघराची चावी घेऊन आमच्या दारात आली. "जिंकलो आम्ही, तर चावी तुम्ही ठेवा. वेळा पण आमच्या आणि कुलूप पण आमचं, मग तुम्ही करायचं काय?" तेव्हापासून जिंकेल तो वेळा ठरवतो आणि हरेल तो चावी ठेवतो. एकमेकांना विचारल्याशिवाय पंप सुरू होत नाही. एकोणतीस वर्षांत भांडणे रगड झाली, पण डोके एकाचेही फुटले नाही. मुली शाळेत गेल्या, पडीक जमिनीवर भाजीचे मळे उभे राहिले. सुईण आता नाही. तिचे उपकार माझ्याच्याने फिटले नाहीत.

५. राहते घर मुलाला, पण एका अटीवर. खालच्या वस्तीत आता घरे जास्त झाली आहेत, आणि नऊ दिवसांपूर्वी आम्ही पहिल्यांदाच निवडणूक जिंकलो. मुलगा प्रमुख झाला. चावी अजून माझ्याच खोलीत आहे. जिंकलेल्या प्रमुखाने ती आपल्या हाताने हरलेल्यांना नेऊन द्यायची असते. तर हा म्हणतो, "आई, निवडून आलोय, चोरी नाही केली. चावी का सोडायची?" मी जाईपर्यंत त्याने ती दिली नसेल, तर देईपर्यंत घर सुनेच्या नावे राहील.

६. हे कलम मुलाने सभेत मोठ्याने वाचावे.
बाळा, तो पाइप मी कापला होता. तुझ्या बाबांचा हात माझ्यामुळे गेला आणि ते जाईपर्यंत मी त्यांना सांगू शकले नाही. हरलेल्या माणसाला कुणी काहीच हातात ठेवू दिले नाही की तो काय करतो, हे मला चांगले ठाऊक आहे. सुईणीलाही ते ठाऊक होते. दारातून निघताना ती माझ्या कानाशी म्हणाली, "काप किती सरळ होता गं. असा हात या गावात एकाच मिस्त्रीचा आहे." आणि तरी चावी तिने माझ्याच हातात दिली.

साक्षीदार (दोघांनी सही केली तेव्हा सहावे कलम झाकलेले होते):
पिठाच्या गिरणीवाले, वरची वस्ती (सही)
शाळेच्या बाई, खालची वस्ती (सही)

लिहून ठेवणारी: पंप मिस्त्री (सही)
स्थळ: पंपघरामागची खोली
दिनांक: निवडणुकीनंतरचा नववा दिवस, सकाळ