जिवंत बाईच्या फोटोला हार

चंद्रपूर, शुक्रवार, संध्याकाळ

आमच्या विभागप्रमुखांनी आज कमालच केली! त्या कॅरिबियन लेखिकेवर कॉलेजात कार्यक्रम होता. सरस्वतीशेजारी तिचा फोटो ठेवलेला, तर सरांनी त्यालाही झेंडूचा हार घातला. बाई जिवंत आहे! मी कानात सांगितलं, तर म्हणतात, "राहू द्या मॅडम, चांगला दिसून राह्यला."

मग भाषण. तिनं नोकरी सोडली, बेटावरच्या म्हाताऱ्या बायांची गाणी गोळा केली, त्यातून कादंबऱ्या आणि इतिहास लिहिला. सगळं माझ्याच टिपणातलं. स्वतः तिचं एक पुस्तक उघडलेलं नाही. मी तरी टिपण कशाला दिलं? तिकडच्या गाण्यांसाठी सर गहिवरले, आणि धानाच्या रोवण्याची गाणी म्हणायला मी गावाहून आणलेल्या सखूबाईसाठी वेळच उरला नाही म्हणे. शाल दिली, तिचा फोटो काढला, झालं. कसली माणसं ही!

आणि तो हार. डोळ्यांपुढून जात नाही.

बसस्टँडवर सखूबाईनं विचारलं, "बाई, ते फोटोतली कवा मेली?"

"मेली नाही. जिवंत आहे."

सखूबाईनं अंगावरची शाल काढून माझ्या हातात दिली.

"माया फोटो तेवढा पुसून टाकाले सांगा त्यायले."