पेटीतली चिठ्ठी

सौसर, गुरुवार, दिवेलागणीला

धाकट्या भावाचा, राजूचा, फोन आला. तो मालवाहू जहाजावर खलाशी आहे. तिथं एका कंटेनरात केळ्यांखाली नशेचा माल सापडला आणि सारे खलाशी परक्या बंदरात अडकले. कंपनी म्हणते, आम्ही फक्त वाहून नेतो.

"मंग कंटेनर भरला कोनं?" मी विचारलं.

"थेच पोलीस शोधून राह्यले, ताई. भरणाऱ्याचं नावच नाही कुठं."

असं कसं? मी संत्र्याची पेटी भरते तर आत माझ्या नावाची चिठ्ठी टाकते. एक फळ सडकं निघालं तरी व्यापारी मलाच विचारतो. एवढ्या मोठ्या कंटेनरात चिठ्ठी नाही? डोक्यातून जाईना, म्हणून पुन्हा विचारलं,

"मंग पोलिसांजवळ नावं कोनाची आहेत?"

"आमची. कंपनीनंच यादी देली."