खालच्या फळीवरच्या पिशव्या

४ फेब्रुवारी

ती. स्व. मामांस,
मुंगीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही मनानं भरता, म्हणून आपलं पत्रच बरं. मामीचा गुडघा कसा आहे? ती विचारल्यावर बराच म्हणणार, तेव्हा खरं काय ते तुम्ही कळवा.

आमच्या बियाणं प्रयोगशाळेतलं वर्षभराचं काम एकदाचं संपलं. कागदी, कापडी आणि प्लास्टिकच्या पिशव्यांतलं बी थंड खोलीत किती टिकतं ते बघायचं होतं. कागदी पिशवी जिंकली. मध्ये डिसेंबरात कॉम्प्रेसर बंद पडला, चार दिवस खोली तापली आणि खालच्या फळीवरच्या पिशव्यांना घाम फुटला. मी रडायचीच बाकी होते. मेकॅनिक मात्र शिट्टी वाजवत आला आणि आधी चहा आहे का म्हणून विचारता झाला. सर म्हणाले, त्या पिशव्या मोजणीतून काढून टाक आणि लेखात त्याचा उल्लेखही नको, परीक्षकांना उगीच फाटे फोडायला मिळतात. मी काढून टाकल्या.

लेख या आठवड्यात जर्नलकडे जाईल. माझी नेमणूक ऑक्टोबरअखेरपर्यंत आहे. तोवर लेख स्वीकारला गेला तर कायमची नोकरी, नाही तर हातात नारळ. देव पाण्यात ठेवायला मामीला सांगा.

लोभ आहे तसा राहू द्यावा, परवडल्यास थोडा वाढवावा.

तुमची,
मुंगी


२० एप्रिल

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

पत्र लहान आहे, फुगून बसू नकोस. निवृत्त कृषिशास्त्रज्ञाला काम नसतं ही अफवा आहे. मी रोज सकाळी मातीच्या खड्ड्यांत उतरतो. थरांच्या फोटोत माप कळावं म्हणून तुझ्या मामीची निळ्या मुठीची छत्री खड्ड्यात उभी करतो. छत्रीला चिखल लागतो आणि मला बोलणी बसतात.

लेखाचं काय झालं ते मी विचारत नाही, तूही सांगू नकोस. वेळेवर जेवत जा. मामीचा गुडघा बरा नाही.

माया आहे, ती पत्राच्या लांबीवरून मोजू नये.

तुझा,
मामा


९ जुलै

मामा,

मायना मुद्दामच घातलेला नाही. हात जोडून लिहिण्यासारखं आज माझ्याकडे काही नाही.

लेख नाकारला गेला. दोन परीक्षक होते. पहिल्याने किरकोळ दुरुस्त्या सांगून छापा म्हटलं. दुसऱ्याने चार पानं भरून चिरफाड केली आणि शेवटी नाकारावा अशी शिफारस केली. संपादकांनी दुसऱ्याचं ऐकलं. नावं झाकलेली असतात, त्यांना माझं कळू नये, मला त्यांचं कळू नये. नियम चांगला आहे. पाळणारा पाहिजे.

त्या चार पानांत तिसरा मुद्दा असा आहे की थंड खोलीचं तापमान सलग राहिलं असेल याची खात्री वाटत नाही, आणि खालच्या फळीवरच्या पिशव्यांत ओल धरली होती का ते लेखकाने सांगावं. मामा, माझ्या लेखात फळी हा शब्दच नाही. खालची नाही, वरची नाही. हे ठाऊक असलेली माणसं चार. मी, सर, मेकॅनिक आणि तुम्ही. सर स्वतःच लेखक आहेत, आणि मेकॅनिकला अजून कोणी परीक्षक नेमलेलं नाही.

मी पोटातलं बोलले ते मामाशी बोलले. तुम्ही ते खिशात घालून माझ्याच विरुद्ध साक्ष द्यायला गेलात. एप्रिलच्या पत्रात विचारत नाही म्हणालात तेव्हा मला वाटलं, मामा किती समजूतदार. आता ते वाक्य आठवलं की अंगाचा तिळपापड होतो. लेख माझा आहे हे तुम्हाला पहिल्याच पानावर कळलं असणार. संपादकांना एवढंच कळवायचं होतं की ही माझी भाची आहे, दुसरा कोणी बघा. त्याला काय लागत होतं? आता दुसऱ्या जर्नलकडे पाठवून उत्तर येईपर्यंत माझी मुदत सरणार. सहा वर्षं मी या खोलीत स्वेटर घालून बसले आहे.

आईला अजून सांगितलेलं नाही. तिचा भाऊ तिच्या लेखी देवमाणूस आहे, तो तसाच राहू दे.

लोभाबद्दल आज काही लिहीत नाही.

आपली भाची


१७ जुलै

चि. मुंगीस,
आशीर्वाद. तू मायना गाळलास तरी मी गाळणार नाही.

हो, मीच तो. खोटं बोलायची मला सवय नाही, आणि तुझ्यासमोर ती लावून घ्यायची नाही.

पण राग तुला एकटीलाच येतो असं समजू नकोस. तुझा लेख वाचताना माझं डोकं फिरलं होतं. चार दिवस खोली तापली, माल भिजला, आणि ते सगळं गिळून तू बारा महिने अखंड थंडी होती असं लिहितेस? सरांनी सांगितलं म्हणून? उद्या कोणी तुझ्या भरवशावर कोठार भरेल आणि त्याचा कॉम्प्रेसरही बंद पडेल. त्याच्या कुजलेल्या बियाण्याला सर उत्तर देणार आहेत का? लहानपणी पाटीवरचं चुकलेलं गणित थुंकीने पुसायचीस, तेव्हा माझ्या हातचा धपाटा खाल्ला आहेस. ही पाटी मोठी आहे, एवढाच फरक.

लेख परत करावा हे मला कळत नव्हतं असं नाही. पण वाटलं, मी परत केला तर दुसरा कोणीतरी पास करेल आणि ती लबाडी माझ्या भाचीच्या नावावर कायमची छापली जाईल. आणि हेही वाटलं की मामाने भाचीला सोडलं असं कोणी म्हणायला नको. म्हणून जास्तच धरलं. पहिला मुद्दा आणि चौथा मुद्दा तितके जड नव्हते. दुसऱ्या कोणाला मी ते माफ केले असते. हे लिहिताना मला स्वतःचाच संताप येतो आहे.

संपादकांना आज माझी चूक कळवली. नातं, आणि तुझ्या पत्रावरून लेख ओळखला होता हेही. तुझ्या चार दिवसांचं काय करायचं ते मात्र तू ठरव, ते मी सांगितलेलं नाही.

रागव, पण तोडू नकोस.

मामा


१८ जुलै

चि. मुंगीस,
मामीचे अ. उ. आ.

यांचं पाकीट उघडून माझं पान आत सरकवते आहे. यांना विचारलेलं नाही.

एप्रिलात तुझा लेख आला तेव्हा हे तीन दिवस घरात येरझारा घालत होते. मी म्हटलं, परत करा. ऐकतील तर ते तुझे मामा कसले. मी शाळेत मुख्याध्यापिका होते. ज्या वर्गात बाईंचं स्वतःचं पोर परीक्षेला बसेल त्या वर्गावर मी त्या बाईंना कधी नेमलं नाही. त्या पोराला उत्तर सांगतील ही भीती एक. दुसरी भीती मोठी होती. आपण किती कडक आहोत हे जगाला दाखवायला त्या सगळ्यांत आधी त्याच पोराला उभं करतील. हे मी यांना तेव्हाच सांगितलं होतं. जेवणाच्या ताटावर सांगितलं, म्हणून ऐकू आलं नसेल.

तूही काही कमी नाहीस. भिजलेल्या पिशव्या लपवल्यास ना? दोघांना एका माळेत ओवावं आणि खुंटीला टांगून ठेवावं.

गुडघा तसाच आहे. छत्री गेली ती गेलीच.

जीव लावते आहेस तो आवरता घेऊ नकोस.

मामी


१६ मार्च

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

आठ महिने लिहिलं नाही. तुमची तीन पत्रं आली, उत्तर द्यायला बसले की हात भाजायचा. राग गेलेला नाही, पण आता तो हातात धरता येतो.

संपादकांनी तुमचं परीक्षण रद्द केलं आणि नवे परीक्षक नेमले, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यांच्या यादीतून तुम्हाला कायमचं काढलं, तेही. मी चार दिवस लेखात घातले. सर खवळले, आपलं नाव काढून घेईन म्हणाले. छापून येणार असं दिसल्यावर नाव ठेवून दिलं. ओल्या पिशव्या मोजल्या तेव्हा कळलं की घाम फुटला की कागदी पिशवीच सगळ्यांत आधी हरते. लेखातली तेवढीच गोष्ट लोक विचारतात. तुम्ही बरोबर होतात याचा मला अजून राग येतो.

लेख जानेवारीत स्वीकारला गेला. नोकरी ऑक्टोबरात गेली. माझ्या खुर्चीवर आता दुसरी मुलगी स्वेटर घालून बसते. मी एका कॉलेजात तासावर शिकवते. आईला सगळं सांगितलं. देवमाणूस वगैरे आता ती म्हणत नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली होती. ती तेव्हा सांगणं नियमात बसत नव्हतं, आता तुमचा लेख छापून आलाय, म्हणून सांगते. नोव्हेंबरात दुसऱ्या एका जर्नलने मला पहिल्यांदाच परीक्षक म्हणून एक लेख पाठवला. मातीच्या थरांवरचा. लेखकाचं नाव झाकलेलं होतं, पण तिसऱ्या फोटोत खड्ड्यात निळ्या मुठीची छत्री उभी होती.

मामा, मी तो लेख वाचला नाही म्हटलं तर खोटं होईल. छत्री दिसेपर्यंत वाचला होता, आणि तोवर तुमच्या दुसऱ्या तक्त्यात मला चूक सापडली होती. नोकरी जाऊन महिना झाला होता, घरभाडं थकलं होतं, आणि चार पानं भरून उट्टं काढायची इतकी सुरेख संधी पुन्हा येणार नव्हती. लिहायला बसलेही होते. मग ते पान फाडलं आणि संपादकांना एकच ओळ पाठवली: हे माझे मामा असावेत, कृपया दुसऱ्या कोणाकडे द्या. चहाला आधण ठेवलं होतं, ते उकळायच्या आत झालं सगळं. इतकंच होतं ते.

दुसऱ्या परीक्षकांना ती चूक दिसलेली नाही. तक्ता तसाच छापला गेलाय, चौथ्या ओळीतली टक्केवारी जुळत नाही. आता भाची म्हणून सांगते, जर्नलला उद्याच कळवा आणि दुरुस्ती छापायला लावा. पाटी थुंकीने पुसू नका.

मामीला नवी छत्री मी पाठवते आहे. ती खड्ड्यात उतरणार नाही, या अटीवर लोभ असू द्यावा.

तुमची,
मुंगी