मिशीवालीचं गाणं

३ मे, सकाळ
निश्चय : रविवारच्या आत ओब्दुलियाला सांगून टाकायचं, की ते गाणं मी लिहिलं. बावन्न वर्षं झाली. अख्ख्या पोन्से शहरात कुणाला संशय नाही. दोन वाक्यांत सांगायचं, शांतपणे. निवृत्त भाषाशिक्षकाला दोन वाक्यं जड नाहीत.

३ मे, दुपार
उकाडा. उद्या.

४ मे
गाणं वाईट नव्हतं, हे नमूद करून ठेवतो. प्लेना म्हणजे डफावर गायलेली गल्लीची बातमी. कुणाचं तरी नाव त्यात येणारच. त्या वर्षी ओब्दुलिया सहा पुरुषांच्या ताफ्याची म्होरकी होती. पिऊन आलेल्या ट्रम्पेटवाल्याला तिने भर कार्यक्रमात स्टेजवरून हाकललं. मी लिहिलं, ओब्दुलियाला मिशी फुटली, बाप्यांनो, दारं लावून घ्या. आदल्या आठवड्यात तिने माझं सुनीत हसून परत केलं होतं. त्याचा इथे काही संबंध नाही.
पोरं तिच्या खिडकीखाली तेच गात सुटली. महिन्याभरात तिने डफ खुंटीला टांगला. अजून तिथेच आहे. रस्त्यावरून दिसतो. मी पलीकडच्या रस्त्याने जातो. तिकडे सावली असते.

५ मे
पेरूच्या पेस्ट्र्या घेऊन निघालो. हातात काही असलं की बोलणं सोपं जातं. चौकात गुडघा दुखला. बाकावर टेकलो. चाफा फुलला होता. शाळेत शिकवलेल्या ओळी एकेक आठवत गेल्या. पेस्ट्र्या संपल्या. रिकाम्या हाताने कसं जाणार?

६ मे
नात आली, यारेलिस. तिचा मुलींचा ताफा रविवारी चौकात हेच गाणं म्हणणार. शब्द तेच, फक्त मिश्या रंगवून. म्हणाली, आजोबा, तेव्हा ही शिवी होती, आता आमचा झेंडा आहे. ओब्दुलियाआजी पहिल्या रांगेत बसणार.
मी म्हटलं, माझ्याही कवितांतल्या स्त्रिया थोर आहेत. म्हणाली, आहेत ना, पण सगळ्या खिडकीत बसून असतात. पाय नाहीत का त्यांना?
विचार केला. म्हणजे मी काळाच्या पुढे होतो. कबुली कसली, खरं तर सत्कार व्हायला हवा. तरी नम्रपणेच सांगेन.

८ मे, रविवार
मिशीवाल्या बारा मुली. सगळा चौक कोरस देत होता. मीही देत होतो, हे जरा उशिरा लक्षात आलं.
ओब्दुलियाच्या शेजारची खुर्ची रिकामी होती, तिच्यावर पर्स. मला म्हणाली, मास्तर, ज्याने हे लिहिलं त्याच्यावरचा राग कधीच गेला हो. नुसता शेजारी येऊन बसला असता तरी पुरे होतं. तुम्हाला काही ठाऊक आहे, कोण तो?
दोन्ही वाक्यं तयार होती.
मी म्हटलं, असेल कुणीतरी अडाणी.
म्हणाली, मलाही आता तसंच वाटायला लागलंय.
यारेलिसने खुंटीवरचा डफ आणला होता. ओब्दुलिया उठली. म्हणाली, ही खुर्ची त्या पोटुशी बाईला द्या. आणि पर्स जरा धरा.
बावन्न वर्षांनी वाजवला. एक ठोका चुकला नाही.
मी पर्स धरून दोन तास उभा होतो. गुडघा अजिबात दुखला नाही.