होडीतली माती

रविवार, दिवेलागणीनंतर

“पाय धुवन चढ गो, होडीत माती नको.” लहानपणी बाबा दरवेळी हेच म्हणायचे. आज त्यांच्या जुन्या होडीसमोर ते आठवलं आणि मला पुढे पाऊलच टाकवेना.

मालवणात जिथे होड्या बांधायचे, तिथे आता बगिचा झालाय. बाक, झोपाळे, भेळेची गाडी. वाईट नाही, खरं तर. माणसं वाऱ्याला निवांत बसतात. बाबांनी आपली होडी स्वतःच्या हातांनी तिथेच बांधली होती आणि बगिचा होताना स्वतःहून तिथेच देऊन टाकली. “पोरांक बघूक तरी गावतली,” म्हणाले.

तिच्यात काठोकाठ माती भरलीय. वर सदाफुली.

माळ्याला विचारलं, माती कशाला? तो म्हणाला, “मगे झाडां काय माझ्या डोक्यार लावू, ताई?” मी हसले. का हसले?

घरी बाबा पडवीत वाट बघत बसलेले. “होडी कशी दिसता गो?”

“बरी दिसता. लोक तिच्याबरोबर फोटो काढतत.”

खोटं नाही बोलले. पण माती? ते तोंडातून निघेना. बाबांचा चेहरा केवढा उजळला!

“उद्या संध्याकाळी माका घेवन चल.” धुतलेला सदरासुद्धा काढून ठेवलाय त्यांनी.

सकाळी एकटीच जाईन. फुलं आत्ता कुठे धरलीत, माळी नाहीच म्हणणार, आणि त्याचंही चुकत नाही. तरी विचारेन. दादा, एका संध्याकाळपुरती ती माती काढू दे. मीच उपसते, मीच परत भरते.