जिभेच्या डाव्या कडेबद्दल

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार घातला असता. पण त्या आठ अंगांत वाचाही धरतात म्हणे, आणि माझी वाचा सध्या रजेवर आहे. तेव्हा उरलेल्या सात अंगांचा नमस्कार गोड मानून घे. तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचा खोकला गेला, की अजून घरजावयासारखा मुक्काम ठोकून आहे? इकडे जिभेची डावी कड सोडली तर सर्व क्षेम आहे. त्या कडेबद्दलच लिहायला बसलो आहे, तेव्हा चहा घेऊन बस.

झालं असं, की आमच्या सुतळीला (माझ्या लेकीचं हे नाव तूच पाडलंस, त्यामुळे पुढे जे घडलं त्यात तुझाही वाटा आहे) तुमच्या गावच्या कारखान्याचं बोलावणं आलं. तिथे रेल्वेच्या डब्यांतल्या बैठका बनवतात. नोकरी पक्की, पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला हजर व्हायचं. सोफे-खुर्च्या मढवायला पोरगी माझ्या दुकानात शिकली, माझ्याच कात्रीने कापड कापून हात बसवला, आणि आता तो बसवलेला हात घेऊन निघाली. मी नाही म्हणायचं ठरवलं. उगाच नाही, कारणं जमवली. घरचं दुकान असताना दुसऱ्याची चाकरी कशाला. परगावी आपलं कोण आहे (तू आहेस, पण हे कारण तुझी आठवण होण्याआधी सुचलं होतं). आणि त्या कारखान्यात कापड यंत्राच्या बंदुकीने पिना मारून बसवतात, त्याला का कुणी काम म्हणतं? रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, सगळ्यांदेखत बोलायचं असा बेत होता. शनिवारी जीभ सोलवटली.

आमच्या धंद्याची रीत तुला ठाऊक आहे. बारीक खिळे मूठभर तोंडात धरायचे, जिभेने एकेक फिरवून ओठांपर्यंत आणायचा, चुंबकाच्या हातोडीने टिपायचा आणि ठोकायचा. आमची जीभ म्हणजे तिसरा हात. सुतळी मात्र खिळे वाटीत ठेवून काम करते आणि मला ऐकवते, की बाबा, लोखंड खायची वस्तू नाही. तर शनिवारी डाव्या कडेला आग आग सुरू झाली. रविवारी दुपारी ती समोर येऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, जाऊ ना?" मी मोठ्या थाटात तोंड उघडलं, जीभ हलली आणि मला ब्रह्मांड आठवलं. डोळ्यांत पाणी आलं ते जिभेमुळे, हे इथे स्पष्ट करतो. मी तोंडाकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, "बरं, जीभ बरी झाली की सांगा. तोवर मी बॅग भरायला घेते." आता तू विचारशील, की शहाण्या, लिहून द्यायचं होतंस. ताई, लेकीला नकार लिहून देणं म्हणजे नोटीस बजावणं. मी बाप आहे, घरमालक नव्हे.

तेव्हा नकार देण्यासाठी जीभ बरी करणं भाग होतं, आणि इथून माझे हाल सुरू झाले. तोंड आलेल्या माणसाला पाहिलं की साऱ्या जगाला तोंड फुटतं. भागीदार म्हणाला, पोटात उष्णता आहे. त्याच्या मते दुकानाचं भाडं वाढलं तेही उष्णतेनेच. त्याने मला बर्फ चोखायला लावला. बर्फ जिभेला चिकटला, मी तो ओढला, आणि होती नव्हती ती सालही त्याच्याबरोबर गेली. सासूबाईंनी लवंगेचं तेल दिलं. थेंबभर लावा म्हणाल्या होत्या; मी जरा सढळ हाताने लावलं. जीभ इतकी बधिर झाली की जेवताना घास समजून तीच चावली. सासूबाई म्हणाल्या, जिभेला हाड नसतं त्याचे हे भोग. (त्यांच्या स्वतःच्या जिभेला आजवर काही झालेलं नाही, यावरून देव दयाळू असावा.) औषधांच्या दुकानदाराने जीवनसत्त्वं कमी पडल्याचं निदान केलं आणि गोळ्या दिल्या. वर टूथपेस्ट बदला, तिच्या फेसानेही काहींना त्रास होतो, असं सांगितलं. हिने मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या लावल्या. त्याने खरोखर बरं वाटलं, पण ते हिला सांगितलं नाही. पुढे जन्मभर ऐकावं लागलं असतं.

आणि एक अक्कल मी स्वतः लढवली. दोऱ्याला लावायचं मेण दुकानात असतं, त्याचा लेप जिभेच्या कडेला दिला, म्हणजे खिळे टोचायचे नाहीत. टोचले नाहीत. मेणात रुतून बसले. गिऱ्हाईक (निवृत्त न्यायाधीश, स्वभाव त्यांच्या आरामखुर्चीसारखाच टणक) समोर उभे आणि माझ्या ओठांतून खिळे एकेक यायच्या ऐवजी जोडीजोडीने बाहेर पडताहेत. न्यायाधीश दोन पावलं मागे सरकले. सुतळीने माझ्या हातातली हातोडी घेतली, वाटी पुढे ओढली आणि त्यांच्या खुर्चीची पाठ स्वतः मढवून दिली. शिवण कुठे सुरू झाली नि कुठे संपली ते मलाही सापडलं नाही. न्यायाधीशांनी विचारलं, हिला इतकं सुरेख कुणी शिकवलं? माझी जीभ त्या वेळी मेणात होती, त्यामुळे उत्तर राहून गेलं.

शेवटी तीच मला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. तिथल्या खुर्चीचं रेक्झिन उसवलेलं होतं, ते मी आधी पाहिलं. बाईंनी आरसा घालून पाहिलं आणि विचारलं, दातांनी काय फोडता? मी खिशातून खिळे काढून दाखवले. त्यांनी ते बाजूच्या ताटलीत काढून ठेवले आणि आरसा पुन्हा आत घातला. मग समजलं, की खिळे धरून धरून डाव्या दाढेचा कोपरा उडाला आहे आणि त्याची धार दिवसभर जिभेला घासते आहे. उष्णता नाही, जीवनसत्त्वं नाहीत, भोगही नाहीत. त्यांनी कोपरा घासून गुळगुळीत केला. तिखट, आंबट, कढत वर्ज्य आणि तोंडात खिळा दिसला तर माझ्याकडे येऊ नका, म्हणाल्या. तीन आठवड्यांत बरं वाटलं नाही, तर मात्र मोठ्या डॉक्टरांना दाखवायलाच हवं, हेही बजावलं. त्यावर सुतळीचा चेहरा असा उतरला, की मलाच तिची समजूत घालावीशी वाटली. पण बोलता कुठे येत होतं?

तर मुद्दा असा. जीभ अजून ठणकते, बॅग भरत आली आहे आणि पहिली तारीख तोंडावर आली आहे. तुझा शब्द ती मोडत नाही. तेव्हा माझ्या वतीने तूच तिला खरमरीत पत्र टाक, की येऊ नकोस, बापाजवळ राहा. वर दिलेली कारणं वापरायला हरकत नाही. भाऊजींना नमस्कार.

तुझा, मुका होऊन बसलेला,
धाकटा भाऊ

ता. क. बंदुकीच्या पिनांचं कारण गाळ. काल मी दुकानात कुणी नसताना तिने सरावासाठी आणलेली बंदूक चालवून पाहिली. बरी आहे.

ता. क. २. ते पत्र टाकूच नकोस. तुमची मागची खोली रिकामी करून ठेव. तिला उजेड लागतो, तेव्हा पलंग खिडकीशी लाव, आणि एकटीने जेवायची तिला सवय नाही, उशीर झाला तरी कुणीतरी तिच्याबरोबर बसा.

ता. क. ३. हे फक्त तुला सांगतो, घरात कुणाला माहीत नाही. जीभ केव्हाच बरी झाली आहे. तिची गाडी सुटेपर्यंत मी ती दुखतीच ठेवणार. तोंड उघडलं तर माझ्या तोंडून "जाऊ नकोस" निघेल, आणि ताई, ती माझं ऐकेल.