आधी गाऱ्हाणं, मग पाणी

८ नोव्हेंबर
समितीचा अध्यक्ष म्हणून पहिलं काम फत्ते! कुडाळ एमआयडीसीमागच्या झोपड्यांतल्या अंगणवाडीला टाकी, नळ आणि पोरांच्या मापाचं टॉयलेट. सगळं रेडी. कुलूप लावलं, चावी माझ्या खिशात. रविवारी गाऱ्हाणं घालून उद्घाटन. देवाच्या कानावर घातल्याशिवाय नळ सोडायचा नाही.

१० नोव्हेंबर
लोचा. गाऱ्हाणं घालणार कोण? गंगाराम म्हणाला, जमीन वरच्या वाडीची, मान आमचो. बाबली म्हणाला, वाट खालच्या वाडीतली, मान आमचो. दोघेही तरातरा घरी. हरकत नाही. एका मीटिंगचं काम. मला माणसं हाताळता येतात.

१४ नोव्हेंबर
मीटिंग झाली. आता दोघे माझ्याशीही बोलत नाहीत. बालदिनाचं भाषण मात्र फर्स्टक्लास. विषय: स्वच्छता. सेविका नर्मदाबाई म्हणाल्या, पोरं ओहोळाचं पाणी पितात, तिथेच मागे परसाकडला बसतात, चावी तरी द्या. म्हटलं, इतकी वर्षं थांबलात, आता कसली घाई?

२१ नोव्हेंबर, दुपार
अंगणवाडीत जुलाबाची साथ. हवा बदलली की व्हायचंच. आमच्याकडे भांडी घासते त्या सावित्रीची सलोनी, तीन वर्षांची, तिला सलाईन लावलंय. वाईट वाटलं. खरंच वाटलं. भांडी मी घासतोय. बायको ताटं आपटते. चावी देऊन टाकावी असं मनात आलं. पण गाऱ्हाण्याआधीच नळ सोडला नि उद्या काही विपरीत झालं तर बोल कोणाला? मलाच! नाही दिली.

२ डिसेंबर
तोडगा! दोन नारळ, दोन गाऱ्हाणी. डोकं लागतं त्याला.

८ डिसेंबर
दोन्ही गाऱ्हाणी झाली. ‘होय म्हाराजा’ म्हणायला मोठी माणसं पुष्कळ. पोर एकही नाही. नर्मदाबाई म्हणाल्या, आया पाठवीनात. फोटोला पोर तर हवंच, म्हणून सलोनीला बोलावून घेतलं. आईच्या कडेवर आली, पार सुकलेली. नळ सोडला. झकास धार. ग्लास भरून तिच्या तोंडाशी नेला. तिने मान फिरवली. म्हणाली, हंयचां पाणी वायट. आयेन सांगल्यान.
सावित्री जमिनीकडे बघत होती. फोटोवाला खोळंबला होता.
मग मीच प्यालो. चांगलं होतं पाणी.